सारिकाची केस

दोन हजार बावीस साल होतं. करोना सरला असं सगळे म्हणत होते, पण गावोगावच्या घरांत त्यानं रिकाम्या करून ठेवलेल्या जागा तशाच रिकाम्या होत्या. जून लागला, शाळा पूर्वीसारख्या भरल्या, घंटा झाली, पोरं रांगेत उभी राहिली. मग मास्तरांच्या हळूहळू ध्यानात आलं, की रांग पूर्वीइतकीच लांब आहे, पण गलका तेवढा होत नाही.

त्याच जून महिन्यात पाटसच्या अनुपमा शितोळेनं वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा दप्तर उचललं. पंधरा वर्षं तिनं यवतकडच्या एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवलं होतं. करोनात त्या शाळेचा पट घसरला आणि ज्यांना घरी बसवलं त्यांत पहिलं नाव तिचं होतं. वर्षभर ती घरात बसून राहिली. नवरा इंद्रजीत साखर कारखान्यात नोकरीला. त्यानंच कुठूनतरी ऐकून आणलं, की आता शाळांना समुपदेशक लागणार आहेत, दौंडची एक निवासी शाळा पुढच्या जूनपासून जागा भरणार आहे, पण पदविका हातात पाहिजे. पुण्याच्या एका संस्थेत शालेय समुपदेशनाची पदव्युत्तर पदविका होती. शनिवार-रविवार वर्ग, आठवड्यात तीन दिवस एखाद्या शाळेत प्रत्यक्ष काम, तीन मुलांबरोबर शेवटापर्यंत नेलेलं काम सादर करायचं, आणि मग तोंडी परीक्षा.

सासू साखरबाई चुलीपुढून हे सगळं ऐकत होती.

"पोरांचं ऐकून घ्यायला बी शिक्षण लागतंय व्हय गं? आमी सहा पोरांचं ऐकलं. आमाला कुणी सर्टिफिकीट दिलं न्हाई."

"आत्याबाई, तुम्ही ऐकलं कुठं? तुम्ही नुसत्या ओरडलात."

साखरबाई भाकरी उलटता उलटता हसली. "ते बी खरंच हाय म्हणा."

संस्थेतल्या रश्मी मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "समुपदेशन या शब्दात उपदेश आहे. तो आजपासून विसरायचा." वर्गात जोड्या लावून सराव चालायचा. एकानं मूल व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक. अनुपमापुढं बसलेल्या बाईनं नुसतं म्हटलं, "मॅडम, मला शाळेत यावंसंच वाटत नाही," की अनुपमानं लगेच शाळेचं महत्त्व, आईबापाचे कष्ट आणि पहाटे उठून अभ्यास करायचे फायदे सांगून टाकले. सगळे हसले. रश्मी मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अनुपमाताई, तिचं वाक्य संपलंसुद्धा नव्हतं. तुम्ही छान बोलता. हेच तुम्हाला अवघड जाणार आहे."

पूर्वीच्या शाळेत पोराला काय होतंय हे विचारायची रीतच नव्हती. पोरगं रडलं तर त्याला घरी धाडायचे, फार गप्प बसलं तर शहाणं म्हणायचे. अनुपमा त्याच शाळांमधून शिकलेली आणि तशाच शाळेत शिकवलेली. तिला गप्प बसायला शिकायचं होतं, आणि ते शिकता शिकता तिचा पावसाळा गेला.

वर्गाचा आणखी एक नियम होता. आपण ज्या मुलांबरोबर काम करतो त्यांची नावं वर्गात घ्यायची नाहीत. मुलानं विश्वासानं सांगितलेलं चौघांत जाऊ नये म्हणून. मग नावाऐवजी सगळे "माझी केस" म्हणायचे. माझी केस आज आली नाही, तुझी केस कशी आहे, त्यांची केस सुटत आली. दोन महिन्यांत हा शब्द अनुपमाच्या जिभेवर असा बसला, की त्याचा दुसरा काही अर्थ असतो हेही ती विसरली.

प्रत्यक्ष कामासाठी तिला मिळालेली शाळा भीमेच्या पलीकडं होती, न्हावऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. पाटसहून चौफुल्यापर्यंत एसटी, तिथून मिळेल ती जीप. पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका संपतो आणि शिरूर लागतो. मुख्याध्यापकांनी तिला खेळाच्या सामानाची खोली दिली. एका कोपऱ्यात लेझमा, दुसऱ्या कोपऱ्यात फाटक्या चटया, मध्ये दोन खुर्च्या. या खोलीत वर्गशिक्षकांनी नववीतली सारिका बनकर तिच्यापुढं आणून बसवली.

सारिका हजेरीला "हजर" म्हणत नसे. नुसता हात वर करायची. वही नीट, गृहपाठ पुरा, पण आवाज नाही. घरी थोडंफार बोलते असं कळलं होतं. घर माळ्यांचं, शेवंती आणि भाजीपाला करणारं. बाप मच्छिंद्र कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत होता, तो दुसऱ्या लाटेत गेला. आई सविता आता तशाच एका कंपनीत पॅकिंगला जायची, पहाटे कंपनीची गाडी यायची ती अंधार पडल्यावर सोडायची. घरात दिवसभर आजोबा सोपानराव आणि आजी धुरपदा.

सोपानरावांनी संमती दिली होती. मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं, की पोरीला थोडं मार्गदर्शन आहे. म्हातारे म्हणाले होते, "द्या की. पोरगी हुशार हाय, पण मुकी झालीया."

पहिले कितीतरी तास नुसते बसण्यात गेले. अनुपमा दोन-चार शब्द बोलायची आणि मग रश्मी मॅडमांनी शिकवल्याप्रमाणे थांबायची. सारिका चटईची सुटलेली काडी बोटाभोवती गुंडाळायची, सोडायची. बाहेर मैदानावर पोरं कबड्डीचा दम घेत असायची. तास संपला की सारिका उठायची, खुर्ची सरळ लावायची आणि जायची. अनुपमाला परतीच्या जीपमध्ये स्वतःचाच राग यायचा. ऐकणार काय, पोरगी काही बोलतच नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या आठवड्यात अनुपमाचा फोन मांडीवरच्या पिशवीत थरथरला. एरवी ती तो बंद करून बसायची, त्या दिवशी विसरली. तिनं घाईनं पिशवीत हात घातला आणि न बघताच कॉल कट केला. परत थरथरला, परत कट केला.

"उचला ना," सारिका म्हणाली.

अनुपमानं वर पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, उचला. घरून असंल."

अनुपमाला वाटलं, काहीतरी बोलावं. पण ती बोलली नाही. तिनं फोन काढला, इंद्रजीतला लावला. तो म्हणाला, "काही नाही गं, येताना चौफुल्यावरून आईच्या गोळ्या आण." तिनं बरं म्हणून फोन ठेवला.

"गोळ्या आणायच्यात," ती सारिकाला म्हणाली. "एवढंच होतं."

सारिकानं खांदे खाली सोडले. मग बराच वेळ रडली, आवाज न करता. अनुपमा नुसती बसून राहिली. पाठीवर हात ठेवावा की ठेवू नये हे तिला कळेना, म्हणून तिनं खुर्ची थोडी पुढं ओढली.

पुढच्या दोन भेटींत पोरीनं जे सांगितलं ते तुटक होतं, पण गोष्ट सरळ होती. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मच्छिंद्रला शिरूरच्या कोविड सेंटरला नेलं होतं. सविताचाही रिपोर्ट आला, तिला याच शाळेत, विलगीकरणात ठेवलं. घरात म्हातारी दोघं आणि सारिका. घरचा एकच फोन, तो सारिकाच्या हातात, कारण शाळा फोनवर भरायची. गणिताच्या सरांनी बजावून ठेवलं होतं, की चाचणी चालू असताना जो तासातून बाहेर पडेल त्याला शून्य. आणि फोन आला की तास बंद पडायचा. त्यामुळं त्या वर्षी सगळ्याच पोरांना एक सवय लागली होती. तास चालू असताना कुणाचाही फोन आला की बोटानं कट करायचा.

दादांचा फोन आला. सारिका बापाला दादा म्हणायची. तिनं कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिला वाटलं, चाचणी झाली की लावू. चाचणी झाल्यावर तिनं लावला तर तिकडून कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच आणि आणखी दोघं घराच्या कडेला येऊन उभे राहिले. मच्छिंद्रला घरी आणलं नाही. त्याचं तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही.

"मला वीसपैकी अठरा पडले व्हते," सारिका म्हणाली.

घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यावर संपतही नव्हतं. धुरपदाच्या तोंडी तेव्हापासून एकच गाऱ्हाणं होतं. फुलं निवडताना, दिवा लावताना, कुणी भेटायला आलं की ती म्हणायची, जाताना एक फोनसुद्धा केला न्हाई माझ्या लेकानं, आईची याद बी आली न्हाई त्याला. पोरगी रोज हे ऐकत होती. तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल, म्हणून तिनं कामापलीकडं तोंड उघडायचंच सोडलं होतं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगणार," अनुपमा म्हणाली. "तुझं आहे. सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तूच ठरवायचं."

त्या दिवशी पुलावरून जाताना अनुपमाला उगाच हलकं वाटत होतं. इतक्या महिन्यांनी मूल बोललं होतं. त्या हलकेपणातच तिच्या हातून चूक झाली.

अभ्यासक्रमात घरी एक भेट द्यायची असते. पुढच्या आठवड्यात सारिका शाळेत असताना ती बनकरांच्या घरी गेली. ओसरीवर शेवंतीचा ढीग पडला होता, धुरपदा आणि शेजारची सिंधूबाई फुलं निवडत बसल्या होत्या. चहा झाला. धुरपदानं विचारलं, "कशी हाय आमची पोरगी? बोलती का?"

आणि अनुपमा आनंदानं म्हणून गेली, "काळजी करू नका मावशी. सारिकाची केस आता सुटत आलीय. असल्या केसेस मी पुण्यात खूप बघितल्यात."

धुरपदाच्या हातातलं फूल तसंच राहिलं. "केस?"

"म्हणजे समुपदेशनाची," अनुपमा म्हणाली. जीप चुकेल म्हणून ती उठलीही. तिला वाटलं, आपण धीर देऊन चाललो.

ती गेल्यावर सिंधूबाईनं काय ते समजावून सांगितलं. तिच्या भाचीला नवऱ्यानं टाकलं होतं तेव्हा शिरूरला पोलीस ठाण्यात बोलावलं होतं, त्याला समुपदेशनच म्हणत होते. तिथं केस झाल्याशिवाय कुणाला बोलवत नाहीत. "काय केलंय गं तुज्या नातीनं, का कुणी तिला काय केलंय? बाईनं तर सरळ केस म्हणून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सारिका शाळेत आली नाही. सोपानराव आले. पांढरी टोपी हातात घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"गुरुजी, आमच्या घरातलं कुणी कोर्टाची पायरी चढल्यालं न्हाई. मार्गदर्शन म्हणून तुमी माझी सही घेतली. मला आधी सांगा, पोरीवर केस कुणी घातली?"

मुख्याध्यापकांनी खूप समजावलं. म्हातारे म्हणाले, मग ती सही रद्द करा आणि पोरीचं नाव बी काढा. जाताना दारात अनुपमा भेटली तर त्यांनी नुसते हात जोडले.

रश्मी मॅडमांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शब्द आपण नावं झाकण्यासाठी घेतला होता. तो तिथं जाऊन उघडा पडला." पुढं म्हणाल्या, "संमती काढून घेतली म्हणजे आता हे काम तुम्हाला धरता येणार नाही. परीक्षा महिन्यावर आलीय. दुसरं मूल घ्या. अजून वेळ आहे."

"आणि सारिका?"

"तिच्याकडं तुम्ही जालच," रश्मी मॅडम म्हणाल्या. "पण ते परीक्षेसाठी नको."

अनुपमाला सगळ्यात जास्त एकच गोष्ट लागली होती. सविताकडून मुख्याध्यापकांना कळलं होतं, की पोरगी आता घरीही बोलत नाही. म्हणजे तिला वाटलं असणार, मॅडमनी घरी येऊन सांगितलं. ज्या एका माणसावर विश्वास टाकला त्यानंच चौघांत नेलं.

रविवारचा वर्ग बुडवून ती पुन्हा पूल ओलांडून गेली. सगळे घरी होते. सविता आत पाणी भरत होती. सोपानराव खाटेवर होते. ओसरीवर तसाच शेवंतीचा ढीग, आणि दाराच्या चौकटीला टेकून सारिका, मान खाली घालून पाकळ्या खुडत बसलेली. तिनं वर पाहिलं नाही.

धुरपदानं बस म्हटलं नाही. अनुपमा पायरीवरच बसली.

"मावशी, केस हा शब्द माझा चुकला. आमच्या शिकण्यात तसं म्हणतात. पोलिसाची, कोर्टाची कसलीच भानगड नाही. पोरीनं काही केलेलं नाही आणि पोरीला कुणी काही केलेलं नाही. मी तुमच्या घराला घोर लावला. माफी मागायला आलेय."

"मंग काय चाललं व्हतं त्या खोलीत?"

"ती बोलत होती. मी ऐकत होते."

"काय बोलत व्हती?"

अनुपमानं पायरीवर पडलेलं एक फूल उचलून ढिगात टाकलं.

"सांगा की बाई. आमी तिची सख्खी माणसं हाव. तुमी परक्या. तुमाला सांगती आन् आमाला न्हाई?" धुरपदाचा आवाज चढला. "सांगा, लगी उद्या धाडते तिला शाळंत. न्हाई सांगितलं तर ती घरीच राहील. फुलं निवडंल. आमाला काय शाळा खायाची हाय?"

सांगितलं तर दोन शब्दांत सगळं सुटेल, असं अनुपमाच्या मनात आलं. पोरगी शाळेत जाईल. संमती परत मिळेल. आणि ह्या म्हातारीचं दीड वर्षाचं गाऱ्हाणंही मिटेल, की लेकानं फोन केला होता. बोलण्यात ती कधीच कमी पडली नव्हती. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हेही तिला सुचलं.

"मी नाही सांगणार, मावशी," ती म्हणाली. "तिचं आहे ते. मी तिला शब्द दिलाय. तुम्ही तिला घरी ठेवली तरी नाही सांगणार."

चौकटीपाशी पाकळ्या खुडायचा आवाज थांबला.

"बरं शिक्षण हाय," सोपानराव खाटेवरून म्हणाले. त्यात राग होता की दुसरं काही, ते कळलं नाही.

धुरपदानं फुलांचा एक ढीग पुढं ओढला. खालीच बघत ती म्हणाली, "ऐकायला शिकवत्यात म्हणं तुमाला. मंग आमचं कुणी ऐकायचं?"

"सांगा," अनुपमा म्हणाली.

मग धुरपदा बोलत राहिली. मच्छिंद्र पोटात होता तेव्हाच्या दुष्काळापासून, तो पहिल्यांदा कंपनीत गेला त्या दिवसापर्यंत. त्याला शेवंतीच्या वासानं शिंका यायच्या आणि माळ्याच्या पोटाला येऊन शिंकतो म्हणून सगळे त्याला हसायचे, हेही तिनं सांगितलं. अँबुलन्समध्ये चढताना तो म्हणाला होता, आई, पोचलो की फोन करतो. पोचल्यावर केला. दोन दिवस रोज केला. मग नाही.

"शेवटच्या दिवशी मी वाट बघत बसले ना बाई. हितंच बसले व्हते. एक फोन. नुसतं आई म्हणाला असता तरी मला पुरं व्हतं. मरताना माणसाला आईची याद यीती म्हणत्यात. माझ्या लेकाला आली न्हाई."

अनुपमाला सगळं ठाऊक होतं. पण तिनं चौकटीकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेही सांगितल्यासारखंच झालं असतं. ती धुरपदाच्या पिवळ्या पडलेल्या बोटांकडं बघत बसली.

"केला व्हता, आज्जी."

आवाज एवढा बारीक होता, की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. आत सवितानं हंडा खाली ठेवला.

"दादांनी केला व्हता फोन. दोनदा. माझ्यापाशी फोन व्हता. गणिताची चाचणी चालली व्हती. मी कट केला."

सोपानरावांनी डोळे मिटून घेतले.

"दोनदा केला?" धुरपदानं विचारलं.

"व्हय."

"लागोपाठ?"

"व्हय. पहिला कट केला, तर लगी दुसरा."

धुरपदा तिच्याकडं बघत राहिली. ओरडेल, हात उगारेल, काहीतरी करेल असं अनुपमाला वाटलं. म्हातारी नुसती म्हणाली, "म्हंजी केला व्हता त्यानं." मग ती उठली, मांडीवरची फुलं खाली सांडली ती तशीच राहिली, आणि घराच्या मागं वावरात निघून गेली. थोड्या वेळानं तिकडून रडणं ऐकू आलं. घरात मयत झाल्यावर बाया जशा नाव घेऊन रडतात तसं. मच्छिंद्र गेला तेव्हा तिला तसं रडायला मिळालं नव्हतं, रडायला जमायचीच बंदी होती.

सविता बाहेर आली आणि सारिकाजवळ खाली बसली. सोपानराव खाटेवरून उठून म्हणाले, "निघा बाई आता तुमी. न्हावऱ्याकडनं येणारी जीप गेली तर दुसरी मिळायची न्हाई."

पुढचे काही दिवस धुरपदा सारिकाशी बोलली नाही. ती वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. अनुपमाला ह्याची खबर शाळेतून कळत होती आणि तिला वाटत होतं, आपण सगळं बिघडवलं. मग एका सकाळी प्रार्थनेच्या वेळेला फाटकातून आजी-नात आत आल्या. धुरपदानं सारिकाचं मनगट धरलं होतं, लहान पोरीला पहिलीत घालायला आणावं तसं. शिपाई समोर आला तर ती त्याला थांबवून म्हणाली, "माझ्या मच्छिंद्रनं शेवटच्या दिवशी दोनदा फोन केला व्हता बरं का. तवा रेंज न्हवती, म्हणून लागला न्हाई."

शिपाई "असं का," म्हणाला. मुख्याध्यापकांनाही तिनं तेच सांगितलं. सिंधूबाईला आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. दोनदा केला व्हता. रेंज न्हवती. सांगताना तिनं सारिकाचं मनगट सोडलं नाही.

त्या दिवशी हजेरीला सारिका हजर म्हणाली. वर्गशिक्षकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचं नाव घेतलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सोपानरावांनी पुन्हा सही दिली. आता अनुपमाला हे काम परीक्षेत धरता येत होतं, आणि तिनं दुसरं मूल घेतलेलं नव्हतं. तिनं सारिकाला विचारलं, नाव आणि गाव बदलून पुण्यात सांगितलं तर चालेल का.

सारिकानं बराच विचार केला. "आज्जीनं समद्यांला रेंज नव्हती म्हणून सांगितलंय, मॅडम. तुमी दुसरं सांगू नका."

"नाव बदललं की नियमात बसतं," पुढच्या वर्गाला रश्मी मॅडम म्हणाल्या.

"बसतं. पण ती नको म्हणाली."

रश्मी मॅडमांनी तिच्याकडं पाहिलं. "मग तुमच्याकडं दोनच कामं राहतात. या तुकडीतून पदविका मिळणार नाही."

"पुढच्या तुकडीत बसेन," अनुपमा म्हणाली. घरी येऊन तिनं हे साखरबाईला सांगितलं तेव्हा म्हातारीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "नापास झालीस व्हय?" आणि भाकरीवर जरा जास्तच तूप घातलं.

दौंडच्या निवासी शाळेची जागा पुढच्या जूनमध्ये हडपसरच्या एका मुलीला मिळाली. अनुपमाला पदविका आणखी एका वर्षानं मिळाली. आता ती यवत आणि चौफुल्याजवळच्या दोन शाळांत आठवड्याचे दिवस वाटून जाते. दौंडपेक्षा पगार कमी आहे. केस हा शब्द ती वापरत नाही. पोरांना पोरंच म्हणते, आणि चारचौघांत नाव झाकायचं असलं की नुसतं "एक मूल" म्हणते. भेटीच्या वेळी फोन बंद करायचा असतो, पण आधी मुलाला विचारून मग ती बंद करते.

रश्मी मॅडम निवृत्त झाल्या. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला मुलांच्या घरी जाऊन कुठले शब्द वापरू नयेत ते सांगायची पद्धत त्यांनी जाण्यापूर्वी लावून दिली.

सविता अजून त्याच कंपनीत आहे, आता लाइनची सुपरवायझर. सोपानरावांना नीट दिसत नाही, पण शेवंती निवडायला दिसायची गरज लागत नाही म्हणतात. साखरबाई अजून चुलीपुढंच असते, आणि सून घरी आली की विचारते, "आज कुणाचं ऐकलं?" कुणाचं, ते अनुपमा सांगत नाही.

धुरपदा दोन हजार चोवीसच्या थंडीत गेली. शिरूरच्या दवाखान्यात नेली होती. सारिका कॉलेजात होती, फोन आला तेव्हा पहिल्या घंटीला उचलला आणि तास तसाच टाकून निघाली. शिरूरला पोचली तेव्हा आजी शुद्धीत होती. दोघींचं काय बोलणं झालं ते त्यांनाच ठाऊक.

तेराव्यानंतर सारिका स्वतः पाटसला आली होती. अनुपमाच्या ओट्यावर बसून तिनं चहा घेतला, साखरबाईशी हसली-बोलली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "मॅडम, आता सांगितलं तरी चालंल. पण आज्जीचं रेंजचं बी सांगा."